हळदीतली लीड गिटार

धुळ्यात एखाद्या पोराने रॉक बँड काढला की पहिला प्रश्न येतो, "लग्नात वाजवता का?" दुसरा, "कितीला?" आणि तिसरा, "बत्त्या तुमच्या की आमच्या?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. या गावात बँड म्हणजे सोनेरी झालरीचे लाल कोट, खांद्यावर रेललेलं युफोनियम, पुढे क्लॅरिनेटवाला मास्तर आणि मागे जनरेटरची गाडी. मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, तो कोट गळ्यापर्यंत बंद करून नवरदेवापुढे तीन तास चालणारी माणसं गावाने पाहिलेली आहेत. त्यांच्यासमोर काळ्या टी-शर्टवर कवटी छापलेला मुलगा येऊन "आम्ही बंडखोर आहोत" म्हणाला, तर लोक त्याला आधी बसायला सांगतात आणि मग पाणी विचारतात.

आमच्या गल्लीत असा एक आहे. नाव सांगत नाही, कारण सध्या त्याच्या सोयरिकीचं बघणं चालू आहे. आपण त्याला रॉकवाला म्हणू. पाठीवर गिटारची काळी बॅग टाकून तो देवपुरातून निघाला की रिक्षावाले थांबून विचारतात, "हाई काय शे रे भो? फवारणीना पंप शे का?" पहिल्यांदा त्याला राग आला. पुढे त्याच्या लक्षात आलं, की 'गिटार' म्हटलं तर रिक्षावाला पुढचे दहा प्रश्न विचारतो आणि 'पंप' म्हटलं तर फक्त बोंडअळीबद्दल बोलतो. हल्ली तो 'पंप' म्हणतो आणि बोंडअळीबद्दल त्याची माहिती बरीच वाढली आहे.

रॉक संगीताला धुळ्याची हवा मानवत नाही, अशी त्याची तक्रार असते. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या गिटारच्या तारा उष्णतेने सैल पडतात आणि सूर उतरतो. डिसेंबर-जानेवारीत कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर आला की त्याच तारा ताणल्या जातात, सूर चढतो आणि बोटं वाकत नाहीत. मी त्याला समजावलं, की यात वाईट काही नाही. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली. उरलेल्या पेरांवर प्लास्टिक वितळवून बनवलेल्या टोप्या चढवून तो वाजवायचा, आणि पुढे बोटांना सोपं जावं म्हणून त्याने तारा मुद्दाम सैल करून सूर उतरवला. त्या उतरलेल्या, जड आवाजावर अख्खं हेवी मेटल उभं राहिलं. धुळ्यात हे काम एप्रिलपासून निसर्ग फुकट करून देतो. बोटं शाबूत ठेवून.

पण हवेवर मात करता येते, नळावर नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते जेव्हा येतं तेव्हा येतं. त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक धडधाकट पुरुष हंडा, ड्रम, मोटर आणि पाइप यांच्या ताब्यात असतो. रविवारच्या सरावात रॉकवाला डोळे मिटून सोलो घेत असतो, मान खाली, केस पुढे, आणि जिन्यातून त्याच्या मायची हाक येते, "नळ वना, खाले ये!" जगातल्या कुठल्याही रॉक मॅनेजरच्या आवाजात एवढा दरारा नसेल. सोलो जागच्या जागी तुटतो. बासवाला पाइप धरतो, ड्रमवाला ड्रम भरतो. पाण्याचा. मोटर लागली की अॅम्प्लिफायर मरतो, कारण दोघं एकाच बोर्डावर आहेत. भारनियमनाच्या वर्षांत याच पोरांच्या आधीच्या पिढीने बिनविजेची इलेक्ट्रिक गिटार वाजवलेली आहे. वाजवणाऱ्याला ऐकू येते, शेजाऱ्याला नाही. शेजारी अजून त्या दिवसांची आठवण काढतात.

रविवारच्या कार्यक्रमाची धुळ्याला मोठी परंपरा आहे, हे मी त्याला सांगत असतो. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं, आणि साने गुरुजींनी ती जागच्या जागी उतरवून घेतली. तेच 'गीता प्रवचने' हे पुस्तक. रॉकवाला म्हणाला, "त्यांचं बरं होतं, त्यांना श्रोते होते." मी म्हटलं, "आणि ते उठून जाऊ शकत नव्हते." यावर तो बराच वेळ विचारात पडला. तुरुंगात कार्यक्रमाला परवानगी कशी मिळते, असं त्याने नंतर मला हळूच विचारलं.

आता त्याच्या आवडीनिवडीबद्दल. संगीताची आवड हा रॉकवाल्याच्या अंगावर तीन थरांत चढवलेला प्रकार आहे आणि थंडी असो वा ऊन, वरचा थर तो काढत नाही.

वरचा थर टी-शर्टवर असतो. मेटॅलिका, आयर्न मेडन, पिंक फ्लॉइड. ही आवड ऐकायची नसून घालायची असते. आयर्न मेडनच्या टी-शर्टवर एडी नावाचं जे हाडांचं भूत आहे, ते त्याची माय वाळत घालताना उलटं करते, कारण समोरच्या घरातलं लहान पोर त्याला बघून जेवत नाही. याच थरात मोठमोठ्या कार्यक्रमांच्या कथा येतात. आयर्न मेडन मार्च २००७ मध्ये बंगळूरला वाजवून गेले. मेटॅलिका ऑक्टोबर २०११ मध्ये आले, त्यांचा दिल्लीकडचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि बंगळूरचा झाला. रॉकवाला 'मी तिथं होतो' असं कधी म्हणत नाही, पण ते इतक्या बारकाईने सांगतो की तो तिथं नव्हता असं म्हणायची समोरच्याची छाती होत नाही. खरी गोष्ट अशी, की धुळ्याहून रेल्वेने जगात कुठंही जायचं तर १९०० सालापासून आधी चाळीसगावला जावं लागतं. आणि चाळीसगावच्या स्टेशनावर मनुष्य चहा पीत बसला की त्याच्यातला बंडखोर बराचसा निवतो.

मधला थर मित्रांमधला. इथं खरं बोलणं सुरू होतं. हा थर २००८ साली 'रॉक ऑन' सिनेमाने दिला. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यानंतर जे बँड उगवले त्यांतले बहुतेक कुठल्याही इंग्रज गिटारवाल्याच्या प्रेरणेने उगवलेले नाहीत, ते फरहान अख्तरच्या केसांमुळे उगवलेले आहेत. याच थरात जुनून आहे, युफोरिया आहे, इंडियन ओशनचं 'कंदिसा' आहे. आणि ज्यांचे वडील कॉलेजात असताना कॅसेट ऐकायचे त्यांच्या घरी 'दम मारो दम' आहे. त्यातली गिटार गझल गाणाऱ्या भूपिंदर सिंगनी वाजवली होती, हे सांगून रॉकवाला वडिलांना पहिल्यांदाच गप्प करू शकला.

सगळ्यात आतला थर पहाटे तीन वाजता कळतो. परगावहून कार्यक्रम करून सगळे टेम्पोत परत येत असतात, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून गाणी लावायची असतात, आणि मोबाइल रॉकवाल्याचा असतो. त्या वेळी पिंक फ्लॉइड लागत नाही. पिंक फ्लॉइड लावलं तर ड्रायव्हर आधी झोपेल. त्या वेळी अहिराणी लागतं. 'केसावर फुगे' लागतं, 'झुमकावाली पोर' लागतं, आणि टी-शर्टवरची कवटीसुद्धा मान हलवते. ही गाणी इथल्याच पोरांनी इथल्याच शेतांत, भाड्याच्या कॅमेऱ्यांवर चित्रित करून यूट्यूबवर टाकली आणि कोट्यवधी लोकांनी पाहिली. रॉकवाल्याच्या बँडच्या व्हिडिओलाही प्रेक्षक आहेत. त्यांतले निम्मे एकमेकांचे मावसभाऊ आहेत.

बँडमध्ये एकूण चौघं. गायक हा बँकेच्या परीक्षा देतो, म्हणून त्याच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. बासवाल्याला कोणीच बासवाला व्हायला सांगितलं नव्हतं. तिघांनी आधी आपापली वाद्यं उचलली आणि हा उशिरा आला, एवढंच. लग्नात पत्रावळ वाढायचं काम ज्याच्याकडे येतं तसं बास त्याच्याकडे आलं.

ड्रमवाल्यावर मात थांबलं पाहिजे, कारण चौघांत संगीत येणारा तो एकटाच आहे. त्याचे वडील जुन्या बँड कंपनीत साइड ड्रम वाजवायचे. तो स्वतः भजनी मंडळात तबला, गणपतीत ढोल, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड आणि यांच्याकडे ड्रमसेट असा फिरता असतो. त्याला इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत, आणि त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं 'मनी' बसवायला घेतलं तेव्हा बाकीचे तिघं बोटांवर मोजत बसले होते. गाणं सात मात्रांचं आहे, आणि ज्याला चारची सवय त्याला सातवी मात्रा अंधारातल्या पायरीवर पाय टाकावा तशी लागते. ड्रमवाल्याने तंबाखू मळता मळता एकदा ऐकलं आणि म्हणाला, "रूपक आहे. एकादशीला वाजवतो ना आपण." मग बसला आणि वाजवलं. मध्ये गिटारचा सोलो येतो तिथं गाणं चार मात्रांवर जातं, तेसुद्धा त्याने कोणी न सांगता पकडलं. रॉकवाला भारावून म्हणाला, "तुला हे कसं जमलं?" तो म्हणाला, "तुम्ही मोजत होते. मी ऐकत होतो." नंतर त्याने लंडनच्या त्या पोरांची चौकशी केली: भजनी आहेत का?

गिटारचे हप्ते मात्र रूपकात भरता येत नाहीत. ते दरमहा पाच तारखेला, समेवर येतात. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की रॉकवाला टी-शर्ट बदलतो आणि ड्रमवाल्याच्या ओळखीने बेंजो पार्टीत उभा राहतो. तिथं त्याला 'लीड' म्हणतात. आयुष्यात ज्याची आस धरली तो मान त्याला मिळाला, फक्त हळदीत.

बेंजोबद्दल त्याच्या मनात सुरुवातीला तुच्छता होती. हे काय वाद्य, टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, एका हाताने छेडायचं, दुसऱ्याने टंकलेखन. पण बेंजोची कुळकथा गिटारवाल्याला शरम वाटावी इतकी परदेशी आहे. हे जपानी वाद्य. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने ते 'ताइशोगोतो' म्हणून बनवलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मग कोणी तरी त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडला, आवाज फाटेपर्यंत चढवला आणि ते वरातीत शिरलं. म्हणजे आवाज मुद्दाम फाडायची जी कला शिकण्यासाठी रॉकवाल्याने पायाने दाबायची महागडी डबी मागवली, ती आमचे बेंजोवाले फुटलेल्या कर्ण्यावर विनाखर्च करत आलेले आहेत. आणि याची स्वतःची गिटार? कलकत्त्याची. दोघं शेजारी उभे राहिले तर पाश्चात्त्य कोण आणि देशी कोण, हे पंचांना ठरवता येणार नाही. पौर्वात्य तर बेंजोवालाच ठरेल.

हळदीत पहिल्या रात्री त्याला सांगण्यात आलं, "नागीण वाजव." त्याने बेंजोवाल्याकडे दयेने पाहिलं. मेटॅलिकाचे सोलो बसवलेला मनुष्य नागीण वाजवणार? त्याने वाजवली. कोणी नाचलं नाही. एक काका जमिनीवर फणा काढून तयार झाले होते, ते तसेच पडून राहिले आणि त्यांना उठवावं लागलं. मग बेंजोवाल्याने वाजवली आणि अर्धा मांडव आडवा झाला.

नागीण वाजवणं अवघड आहे, कारण मुळात ती पुंगीच नाही. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटाला संगीत हेमंत कुमारांचं, पण ती बीन वाजवली कल्याणजींनी, क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर, आणि साथीला रवी यांची हार्मोनियम. फ्रेंच माणसाने काढलेलं यंत्र, वाजवणारा कच्छी गुजराती, आणि डोलणारा देश अख्खा. हेच क्लॅव्हिओलाइन बीटल्सनी आपल्या एका गाण्यात वापरलं ते १९६७ साली, म्हणजे आपल्यानंतर तेरा वर्षांनी. मी हे रॉकवाल्याला सांगितलं तेव्हा तो शेवभाजी खात होता. त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे आपले काका जमिनीवर लोळतात ते..." "सायकेडेलिक आहे," मी म्हटलं. त्यानंतर त्याने महिनाभर दार लावून फक्त नागीण बसवली. गल्लीतल्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. आता तो ती वाजवतो तेव्हा काका पडतातच, शिवाय मावश्याही हातरुमालाची पुंगी करतात.

हळदीत त्याला आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली, ती म्हणजे प्रेक्षक. कॉलेजच्या गॅदरिंगला प्रेक्षक हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसतात आणि पहिल्या रांगेत प्राचार्य असतात. हळदीत लोक तुमच्या अंगावर नाचतात. नोट ओवाळतात आणि वाजवणाऱ्याने ती दातात पकडावी अशी अपेक्षा असते, हात तर गुंतलेले असतात. जिमी हेंड्रिक्स दाताने गिटार वाजवायचा, हे रॉकवाल्याने खूपदा ऐकवलं होतं. दातात नोट धरून दोन्ही हातांनी सलग वाजवणं हे त्याच्या पुढचं आहे आणि त्यात मिळकतही आहे.

श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर जागरण, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. या मिरवणुकीत वाजवण्याचा मान गेल्या वर्षी पहिल्यांदा आमच्या चौघांना मिळाला, कारण नेहमीची पार्टी दुसरीकडे इसार घेऊन बसली होती. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, पुढे फुगड्या, मागे यांची हातगाडी, त्यावर ड्रमसेट दोरीने बांधलेला. रॉकवाल्याने व्हिडिओंत मॉश पिट पाहिलेला होता, त्यात परदेशी तरुण एकमेकांना ढकलतात. इथं सत्तरीच्या आजी नऊवारीचा काष्टा खोचून फुगडीत आल्या आणि त्यांनी दोन धडधाकट सुनांना गरागरा फिरवून बाहेर टाकलं. आजी थांबल्या त्या धाप लागून नव्हे. गिटारचा आवाज कमी येतोय, हे सांगायला.

आवाजाचा विषय निघाला म्हणून. मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. देशातल्या रॉकवाल्यांची ती पंढरीच. आजूबाजूला इस्पितळं नि कॉलेजं असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ते रंगभवन २००३ च्या सुमारास गाण्याबजावण्याला बंद झालं. रॉकवाला हे सांगताना हळवा होतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम त्याला तोंडपाठ आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. ५५ डेसिबल म्हणजे किती, तर आमच्या गल्लीत दोन बायका भाजीचा भाव करत असल्या की होतात. तेव्हा नियम मोडण्याची हौस त्याला बंड करून फिटवावी लागत नाही, केबल लावली की पुरते. दहा वाजता पोलिसांची गाडी येते. जगभर रॉकवाल्यांनी पोलिसांविरुद्ध गाणी लिहिली आहेत. आमचा रॉकवाला गाडी दिसली की "या साहेब" म्हणतो आणि साहेबांना हळदीचं जेवण वाढलं जातं. मग साहेब म्हणतात, "बंद करा आता." आणि जरा थांबून, "जायच्या आधी एकदा ती नागीण होऊ द्या."

गेल्या दिवाळीपासून त्याने स्वतःची गाणी करायला घेतली आहेत. आधी इंग्रजीत केली. ती पावसाबद्दल होती, परक्या देशातल्या एकाकी शहरातल्या पावसाबद्दल. धुळ्यात पाऊस असा पडतच नाही, इथं पाऊस आला तर लोक खिडकीशी उभे राहून उदास होत नाहीत, बियाणं घ्यायला धावतात. मग हिंदीत केली, त्यांत 'रूह' फार होती. आता अहिराणीत करतोय. बैठकीत गायकाने शंका काढली की अहिराणीत रॉक शोभेल का. ड्रमवाला म्हणाला, "डोंगऱ्यादेवाला साक्रीकडं पावरी रात्र रात्र वाजते, श्वास न तोडता. तिथं कोणी विचारत नाही शोभेल का." रॉकवाल्याने लताबाईंचा दाखला दिला. त्यांचं आजोळ शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, म्हणजे आवाज खान्देशच्या पाण्यातच आहे. बासवाला म्हणाला, पाणी रोज येत असतं तर आपणही गायलो असतो.

गाणं झालं आहे. सात मात्रांत आहे, मध्ये बेंजो आहे आणि विषय सोयरिकीचा आहे, त्यामुळे अनुभव खरा उतरलाय. मायला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, नळ आलेला असूनही, आणि मग विचारलं, "याना कितला पैसा भेटस?"

भेटेल असं दिसतंय. आखाजीची एक ऑर्डर आली आहे, पारोळा रोडच्या पलीकडे, घरगुतीच कार्यक्रम आहे पण गच्ची मोठी आहे. इसार घेतला, त्यातून नवी केबल आणली. अडचण एकच, त्याच दिवशी बासवाल्याच्या मामेबहिणीचं लग्न आहे आणि तिथं वाढायला त्यालाच उभं राहायचंय. गावात कोणाला बास येत असेल तर कळवावं. येत नसलं तरी चालेल, ड्रमवाला सांभाळून घेईल. जेवण आहे, भरीत आणि कळण्याची भाकरी. काळा टी-शर्ट मात्र आपापला आणावा.